निळी गोळी आणि घरातला मोबाईल

बहुतेक सरकारी आणि अनुदानित शाळांत सोमवारी, दुपारच्या जेवणानंतर, मुलींना निळी गोळी मिळते. तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. गोळी फुकट, शिवाय बाई समोर उभं राहून घ्यायला लावतात; तरी काही गोळ्या जिभेखालून थेट शाळेच्या मागे जातात. मागच्या खेपेला मळमळलं, शौचाला काळी झाली, आणि हे विचारायचं कुणाला?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हा आकडा ५४ होता, म्हणजे गोळ्या वाटूनही तो चढलाच. त्याच वयाच्या मुलग्यांत प्रमाण ३१ टक्के. या तफावतीचं एक उघड कारण पाळी. १ मिलिलिटर रक्ताबरोबर साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जातं. ३०-४० मिलिलिटर रक्त गेलं की महिन्याला १५ ते २० मिलिग्रॅम. भाजी-भाकरीतलं लोह आतडी आधीच हात राखून शोषतात. त्यात जेवणावर लगेच चहा झाला तर चहातली पॉलिफेनॉल्स त्यातलंही बरंच अडवून ठेवतात. लिंबू पिळलं किंवा आवळा खाल्ला तर क जीवनसत्त्वामुळे शोषण वाढतं. (बिटाचा रस प्या म्हणणारं कुणीतरी प्रत्येक घरात असतं. बिटाचा लाल रंग लोहाचा नव्हे. त्यापेक्षा अळिवाचा लाडू कितीतरी बरा.)

मोबाईलवरून आरोग्यशिक्षण द्यायचं म्हटलं की ‘हिरव्या पालेभाज्या खा’ असा संदेश सुटतो. तो मुलींना पाचवीपासून पाठ आहे. माझ्या मते खरं काम सोमवारी संध्याकाळच्या संदेशाचं आहे: शौचाला काळी झाली तर घाबरू नकोस, न शोषलं गेलेलं लोह बाहेर पडतंय. गोळी उपाशीपोटी घेऊ नकोस. चहा तासाभराने घे. भीती ज्या दिवशी वाटते त्याच दिवशी उत्तर मिळालं, तर पुढच्या सोमवारची गोळी पोटात जाण्याची शक्यता वाढते.

पण मोबाईल असतो कुणाच्या खिशात? त्याच सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या जेमतेम ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरायचा मोबाईल होता. शाळकरी मुलीच्या वाट्याला येतो तो वडिलांचा किंवा दादाचा, आणि पाळीबद्दलचा संदेश त्यावर आला तर ती तो उघडणारही नाही. त्यामुळे मला अ‍ॅपपेक्षा साधा, आवाजातला कॉल बरा वाटतो. तो गावच्या बोलीत असावा, दोन मिनिटांचा असावा आणि आईलाही ऐकता यावा. चहा कधी टाकायचा हे घरात तीच ठरवते.

अशा कॉलकडून अवास्तव अपेक्षाही नको. गरोदर स्त्रियांना आणि नव्या मातांना दर आठवड्याला ध्वनिसंदेश देणाऱ्या ‘किलकारी’ या सरकारी सेवेची मध्य प्रदेशात सुमारे ५,००० स्त्रियांवर चाचणी झाली. आधुनिक गर्भनिरोधकांचा वापर थोडा वाढला, पण निव्वळ स्तनपानाच्या (बाळाला फक्त आईचं दूध देण्याच्या) प्रमाणात फरक दिसला नाही.

शिवाय प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नसतो. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत सिकलसेल हा लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आहे. तिथे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली आलेल्या मुलीला आरोग्य केंद्रात जाऊन सिकलसेलची तपासणी करून घे, हेही त्याच कॉलमध्ये सांगायला हवं.