पाळकाचे ‘उत्तेजन’ : खानदेशातील मंडळ्यांमध्ये प्रार्थना, सेवा आणि विश्वास एकत्र कसे आले

दिवाळी जवळ आली की नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर, विसरवाडी, खांडबारा या पट्ट्यातील ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये पाळकाच्या, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूच्या, बोलण्याचा विषय बहुधा ठरलेला असतो. ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांनी उचल घेतलेली असते, कोयत्यांना नवे दांडे बसवून झालेले असतात आणि मुकादमाची गाडी कोणत्या दिवशी येणार एवढेच समजायचे राहिलेले असते. अशा रविवारी पाळक तीन गोष्टी सांगतो. पडावावर, म्हणजे ऊसतोडीच्या तळावर, दिवस कितीही दमवणारा गेला तरी संध्याकाळची प्रार्थना सोडू नये. शेजारच्या कोपीत (झोपडीत) कोणी आजारी पडले तर तो आपल्या मंडळीतला आहे की नाही हे न पाहता त्याला दवाखान्यात न्यावे. आणि मजुरीचा हिशेब मनासारखा झाला नाही म्हणून विश्वास ढळू देऊ नये. या बोलण्याला मंडळीच्या भाषेत ‘उत्तेजन’ म्हणतात. बाहेरच्या माणसाला हे तीन उपदेश एकाच माळेतील मणी वाटतात. प्रत्यक्षात ते निरनिराळ्या काळांत, निरनिराळ्या कारणांनी या भागात आले, आणि त्यांतल्या मधल्या मण्यावरून, म्हणजे सेवेवरून, जितका वाद झाला तितका उरलेल्या दोघांवरून मिळून झाला नसेल.

‘उत्तेजन’ हा शब्द आज मराठी कानाला जरा वेगळाच लागतो. शाळेच्या स्पर्धेत पहिल्या तीन क्रमांकांत न आलेल्या मुलाला ‘उत्तेजनार्थ’ बक्षीस मिळते आणि वर्तमानपत्रांत गुन्ह्याला उत्तेजन दिले जाते. मंडळीतील अर्थ या दोहोंपेक्षा जुना आहे आणि तो पवित्र शास्त्राच्या (बायबलच्या) मराठी भाषांतरातून आलेला आहे. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्दात ‘जवळ बोलावणे’ असा भाव आहे. मराठी भाषांतरकारांना या एका शब्दासाठी एकच मराठी शब्द पुरला नाही, म्हणून कोठे ‘बोध’, कोठे ‘सांत्वन’, कोठे ‘उत्तेजन’ आणि त्याच्या क्रियापदासाठी कोठे ‘विनवणे’ असे शब्द आले. त्याच धातूपासून झालेले पवित्र आत्म्याचे नाव ‘कैवारी’ असे झाले. पाळकाने दिलेले उत्तेजन बोध करणारे असावे, सांत्वन करणारे असावे की कैवार घेणारे असावे, हा प्रश्न त्यामुळे भाषांतरात मिटला नाही. खानदेशातील पाळकांचे कल पाहिले तर जुने पाळक बोधाकडे झुकत आणि आजचे कैवाराकडे झुकतात, असे म्हणायला हरकत नाही.

आरंभीचा काळ थोडक्यात सांगता येतो. १८१८ नंतर खानदेश इंग्रजी अमलाखाली आला, तरी मिशनचे संघटित काम येथे नगर किंवा मुंबईच्या तुलनेने पुष्कळ उशिरा रुजले. १८९९–१९०० चा दुष्काळ आणि त्याच सुमारास तापी खोऱ्यातून आलेला लोहमार्ग या दोन गोष्टींनी वाट मोकळी केली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत स्वीडनमधून आणि अमेरिकेतून आलेल्या मिशनऱ्यांनी सपाटीवरच्या गावांत आणि पश्चिमेकडील भिल्ल, मावची, कोकणी वस्त्यांत ठाणी उभारली. या काळात क्रम सेवेपासून सुरू होई: आधी अनाथ मुले, मग औषधांची पेटी, मग वसतिगृह आणि शेवटी प्रार्थनामंदिर. उपदेश साहेबाने करायचा आणि गावच्या उपदेशकाने तो बोलीत सांगायचा, अशी रीत होती. उपदेशकाचा पगार मिशनच्या बंगल्यावरून येत असे, त्यामुळे त्याचे उत्तेजनही एका अर्थाने बंगल्यावरूनच येत असे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या कवी नारायण वामन टिळकांची अभंगवळणाची गीते हाताशी आली, तेव्हा कोठे प्रार्थनेला मराठी चाल मिळाली. मावची, वसावी, पावरी या बोलींतील गीते आणखी पुढची.

एक गोष्ट मंडळ्यांच्या स्वतःच्या इतिहासकथनात सहसा येत नाही, ती येथे नोंदवायला हवी. १९२२–२३ मध्ये ठाण्याच्या किनाऱ्याकडून निघालेली आणि डांग, सुरत व पश्चिम खानदेशात पोहोचलेली देवीची चळवळ दारू सोडा, स्वच्छ राहा असे सांगत होती. त्यानंतर १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात तळोदा तालुक्यातील मोरवड परिसरात एका आदिवासी संताने सामुदायिक आरती सुरू करून व्यसनमुक्तीचा आणि एकमेकांना ‘आप’ म्हणण्याचा आग्रह धरला. हजारो लोक त्याच्याकडे गेले. एकत्र जमून देवाचे नाव घ्यायचे, दारूला हात लावायचा नाही आणि शेजाऱ्याला मान द्यायचा, ही शिस्त या भागाला प्रार्थनामंदिरांच्या बाहेरूनही मिळालेली आहे. आजचा पाळक दारूविषयी ज्या आवाजात बोलतो, त्यात बंगल्यावरच्या साहेबापेक्षा मोरवडच्या आरतीचा अंश अधिक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

स्वातंत्र्यानंतर चित्र झपाट्याने बदलले. १९५० च्या दशकात परदेशी मिशनऱ्यांना नवे परवाने मिळणे अवघड झाले आणि शेजारच्या तेव्हाच्या मध्य प्रदेशात १९५४ मध्ये नेमलेल्या चौकशी समितीने १९५६ च्या अहवालात मिशनच्या शाळा-दवाखान्यांवर धर्मांतराचे साधन म्हणून बोट ठेवले. समितीचा अधिकार खानदेशावर नव्हता, पण तिची भाषा सातपुडा ओलांडून आली. पुढे १९७६ च्या परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्याने बाहेरचा पैसा सरकारी नोंदीखाली आणला. बंगले रिकामे होऊ लागले, आणि दवाखाने, वसतिगृहे व त्यांची दुरुस्तीला आलेली छपरे स्थानिक मंडळ्यांच्या पदरात पडली.

खरा पेच तेथे उभा राहिला. मंडळीच्या मराठीत ‘सेवा’ हा शब्द तीन ठिकाणी राबतो. ‘तो सेवेत आहे’ म्हणजे तो पूर्णवेळ उपदेश करतो. ‘देवाचा सेवक’ म्हणजे पाळक. पण शास्त्रात ‘सेवक’ हे पाळकाहून वेगळे, अन्नवाटपासारख्या कामाशी जोडले गेलेले पददेखील आहे. आणि ‘सेवाकार्य’ म्हणजे दवाखाना, वसतिगृह, विहीर. हिंदी पुस्तकांतून आलेली ‘सेवकाई’ यात वरून मिसळली. त्यामुळे मंडळीच्या सभेत ‘सेवेसाठी अर्पण’ असे जाहीर झाले, की पैसा पाळकाच्या मानधनाला जाणार की दवाखान्याच्या औषधांना, हे शेजारी बसलेल्या दोन ‘वडिलांना’, म्हणजे मंडळीच्या कारभाऱ्यांना, दोन प्रकारे कळत असे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायाचा आधार दोन्ही बाजू घेत. पंक्तीला वाढण्यासाठी प्रेषितांनी प्रार्थना आणि वचन सोडू नये म्हणून तेथे सात माणसे निवडली गेली, असे एक पक्ष सांगे. ती सात माणसे निवडण्याइतके वाढपाचे काम महत्त्वाचे मानले गेले आणि त्यांच्यावर प्रार्थना करूनच हात ठेवले गेले, असे दुसरा पक्ष सांगे. दोघेही अध्याय नीट वाचत होते.

ज्या निर्णयावर आजही एकमत नाही, तो या गोंधळातून निघाला: दवाखान्याच्या आवारात रुग्णासाठी उघड प्रार्थना करायची की नाही. मिशनच्या काळात बाह्यरुग्ण विभाग सुरू होण्यापूर्वी व्हरांड्यात वचन वाचले जाई आणि रांगेतले सर्व जण ते ऐकत. चिंचपाड्यासारख्या ठिकाणी १९४० च्या दशकापासून रुग्णालय चालत आलेले आहे आणि तेथे येणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेले रुग्ण नेहमीच असतात. हळूहळू अनेक ठिकाणी वाचन आणि प्रार्थना कर्मचाऱ्यांपुरती राहिली, आणि रुग्णासाठी त्याने किंवा त्याच्या घरच्यांनी मागितली तरच प्रार्थना करायची, असा दंडक आला. ज्यांनी हा दंडक आणला त्यांच्यावर, सेवा ठेवली आणि विश्वास गाठोड्यात बांधला, असा ठपका आला. तो अन्यायाचा होता असे मला वाटते. मागितल्याशिवाय न केलेली प्रार्थना आजारी माणसाचा मान अधिक राखते. पण विरोधकांचा एक मुद्दा खोडता येत नाही, तो असा की अंगावर गोधडी घेऊन कुडकुडत बसलेला माणूस आपण होऊन कशाचीच मागणी करत नाही.

कायद्याने या निर्णयाला वेगळेच वजन दिले. घटनेच्या २५ व्या अनुच्छेदातील ‘प्रचार’ या शब्दात दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. १९९८ च्या नाताळात शेजारच्या डांगमध्ये प्रार्थनामंदिरांवर हल्ले झाले आणि त्या वर्षी नवापूर तालुक्यातील मंडळ्यांनीही नाताळ दबकतच काढला. २००३ मध्ये गुजरातने धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला. त्यात रोख किंवा वस्तुरूप भेट आणि ऐहिक लाभ हे ‘आमिष’ ठरले आणि धर्मांतर घडवून आणणाऱ्याला जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी आवश्यक झाली. २०२१ च्या दुरुस्तीने चांगले राहणीमान आणि ‘दैवी आशीर्वाद’ यांचाही आमिषाच्या व्याख्येत समावेश केला. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने दुरुस्तीतील काही कलमांना स्थगिती दिली, हेही सांगितले पाहिजे.

हा कायदा शेजारच्या राज्याचा असला तरी येथे ‘शेजारचे’ म्हणजे किती जवळचे, ते नवापूरच्या रेल्वे स्थानकावर दिसते. १९६० मध्ये राज्ये वेगळी झाली तेव्हा सीमारेषा या स्थानकाच्या मधून गेली. फलाटावरच्या एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे आणि बाकावर तसे रंगवलेलेही आहे. तिकीट महाराष्ट्रात काढायचे आणि स्टेशनमास्तरकडे चौकशी करायला गुजरातमध्ये जायचे, हे तेथे कोणाला नवल वाटत नाही. बाकाच्या एका टोकाला बसलेल्या पाळकाने दुसऱ्या टोकाच्या आजाऱ्याला बिस्किटाचा पुडा दिला आणि ‘देव तुझे भले करो’ म्हटले, तर त्यातले कोणते वाक्य कोणत्या राज्यात उच्चारले गेले, असा विनोद त्या भागात करता येतो. ऊसतोडीचे पडाव गुजरातमधील बारडोलीकडे असल्यामुळे तो निव्वळ विनोद राहत नाही. दिवाळीआधीच्या उत्तेजनात ‘दवाखान्यात न्या, पैसे लागले तर मिळून भरा, पण त्याच वेळी आपल्या विश्वासाविषयी बोलू नका’ अशी सूचना जी येते, तिचा उगम येथे आहे. ती भीतीपोटी आली हे खरे. आता मात्र अनेक पाळक ती तत्त्व म्हणून सांगतात.

प्रार्थना आणि आजार यांचा संबंध याहून नाजूक आहे. १९८० च्या दशकानंतर जुन्या मंडळ्यांच्या बाहेर स्वतंत्र प्रार्थनागट वाढले. त्यांच्या सभेत साक्षीला, म्हणजे ‘मी आजारी होतो, प्रार्थनेने बरा झालो’ अशा कथनाला, मोठे स्थान मिळाले. ज्या वस्त्यांत आजारपणाचे कारण भगताला विचारले जाई आणि उत्तर म्हणून एखाद्या बाईला डाकीण ठरवले जाई, तेथे या प्रार्थनेने एक मोठे काम केले: आजाराचा दोष शेजारणीवरून काढून घेतला. हे श्रेय नाकारू नये. पण त्याच प्रार्थनेमुळे औषध सुटल्याची उदाहरणेही आहेत, आणि सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या या जिल्ह्यात औषध सुटणे परवडणारे नाही. चमत्काराने रोग बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे आणि महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून लागू आहे. प्रार्थनासभांच्या भित्तिपत्रकांवरची भाषा पुढे बरीच सौम्य झाली, त्याला हे एक कारण असावे. जुन्या मंडळ्यांचे पाळक नव्या करारातील याकोबाच्या पत्राचा आधार घेऊन सांगतात, की तेथे वडिलांनी प्रार्थना करावी असे आहे तसे तेल लावावे असेही आहे, आणि तेल हे त्या काळचे औषध होते. याच पत्रात क्रियांवाचून विश्वास निर्जीव असल्याचे म्हटले आहे. उत्तेजनातील तिन्ही मणी ज्या एका छोट्या पत्रात सापडतात ते हेच, आणि खानदेशातील पाळक विश्वासावर भर देणाऱ्या रोमकरांस पत्रापेक्षा याकोबाकडे अधिक वळतात ते उगाच नव्हे.

२०१० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा नव्याने झाला आणि २०२० च्या दुरुस्तीने एका नोंदणीकृत संस्थेने दुसरीला असा निधी देणे बंद केले. मोठ्या शहरातील संस्थेमार्फत मिळणारी थोडीबहुत मदतही त्यामुळे छोट्या मंडळ्यांना मिळेनाशी झाली. सेवेचा खर्च आता हंगामाच्या अर्पणावर येतो. भाताची पाटी, उडदाची पिशवी, पाय बांधलेला कोंबडा असे जे येते त्याचा उपासनेनंतर अंगणात लिलाव होतो. एकच भोपळा तीनदा विकला जातो, कारण घेणारा तो पुन्हा अर्पण करतो, आणि मंडळीचा खजिनदार वहीवर शिसपेन्सिलीने आकडे वाढवत जातो. परदेशी पैशाच्या काळात सेवा कोणाची, याचे उत्तर बंगल्याकडे बोट दाखवून देता येत असे. भोपळ्याच्या बोलीत तशी सोय नाही.

असेच एक अर्पण झाल्यावर पाळकाने काढलेली दुसरी वही मी पाहिली आहे. तिच्यात पैसे नव्हते. निघणाऱ्या कुटुंबांची नावे, मुकादमाचा फोन, साखर कारखान्याचे नाव, जवळच्या सरकारी दवाखान्याचे गाव आणि बरोबर कोणाला किती महिन्यांचा गर्भ आहे, एवढ्या नोंदी होत्या. शेवटचा रकाना रिकामा होता. त्यात आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास, घरे परत उघडली की, आलेल्यांपुढे खूण करायची असते.