पारजनुक पीक आणि जनुकसंपादित पीक: फरक नेमका कुठे?

कीड-रोगांना दाद न देणाऱ्या पिकांचा विषय निघाला, की ‘जीएम’ (जनुकीय फेरफार केलेले) आणि ‘जनुकसंपादित’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. दोन्हींत वनस्पतीच्या डीएनएत मुद्दाम बदल केलेला असतो, एवढे साम्य खरे. परंतु त्या बदलानंतर पिकात काय उरते, हे न पाहता दोन्हींना एकच न्याय लावणे मला चुकीचे वाटते.

पारजनुक, म्हणजे रूढ अर्थाने जीएम, पिकात सहसा दुसऱ्या सजीवाचे जनुक आणून बसवलेले असते. बीटी कापसात ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ या जमिनीतल्या जिवाणूचे ‘क्राय’ जनुक असते आणि त्यामुळे झाड स्वतःच एक प्रथिन तयार करते. अळीने बोंड कुरतडले, की ते प्रथिन तिच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात कार्यक्षम होते आणि आतड्याच्या पेशींना छिद्रे पाडते. अळीचे खाणे थांबते आणि ती मरते. हवाईमध्ये १९९८ साली लागवडीस आलेल्या ‘रेनबो’ पपईत तर रिंगस्पॉट रोगाच्या विषाणूचेच एक जनुक घातलेले आहे.

जनुकसंपादनात बहुधा बाहेरचे काही ठेवले जात नाही. पिकाच्या स्वतःच्याच जनुकातली मोजकी अक्षरे, म्हणजे डीएनएच्या साखळीतले घटक, खोडली किंवा बदलली जातात. भातावरील जिवाणूजन्य करप्याचे उदाहरण फार बोलके आहे. हा जिवाणू पानात शिरला, की आपली काही प्रथिने भाताच्या पेशीत सोडतो. ती साखर पेशीबाहेर सोडणाऱ्या ‘स्वीट’ जनुकांच्या आरंभी असलेल्या ठरावीक अक्षरमालेवर जाऊन बसतात, ती जनुके चालू करतात, आणि पेशीतून बाहेर येणाऱ्या साखरेवर जिवाणू पोसला जातो. संशोधकांनी क्रिस्पर या डीएनए नेमक्या जागी कापणाऱ्या साधनाच्या साहाय्याने ती अक्षरमाला किंचित बदलली. आता प्रथिन येते, पण त्याला बसायला जागाच मिळत नाही. भुरी रोगाला वाट करून देणाऱ्या गव्हातील ‘एमएलओ’ जनुकाच्या तिन्ही प्रतीही २०१४ मध्ये जनुकसंपादनाने निकामी करून दाखवण्यात आल्या.

गोंधळ होण्याचे एक सबळ कारणही आहे. संपादन करणारे क्रिस्परचे साधन पुष्कळदा आधी परके जनुक म्हणूनच झाडात घातले जाते, आणि पुढच्या पिढीत ज्या रोपांत ते उतरलेले नाही, परंतु हवा तो बदल मात्र टिकला आहे, तीच निवडली जातात. त्यामुळे कायदेही एकसारखे नाहीत: युरोपीय न्यायालयाने २०१८ मध्ये संपादित पिकांना जीएमचेच नियम लावले, तर भारताने २०२२ मध्ये परके जनुक नसलेल्या संपादित पिकांना काही नियमांतून सूट दिली.

मात्र एका तंत्राने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही. कापसाकडे मुळात क्राय जनुकच नाही, त्यामुळे नुसती अक्षरे खोडून त्यात ते प्रथिन निर्माण होणार नाही. उलट, रोग ज्या वाटेने आत येतो ती वाट झाडाच्या स्वतःच्या जनुकात असेल, तेथे संपादन नेमके उपयोगी पडते. अर्थात ते जनुक झाडाच्याही कामाचे असल्यास वाढीवर परिणाम होऊ शकतो. आणि शत्रू दोन्हीकडे बदलतो. भारतात शेंदरी बोंडअळीने बीटी कापसातल्या दोन क्राय प्रथिनांवर मात केली आहे. करप्याच्या जिवाणूचे वेगवेगळे प्रकारही वेगवेगळी ‘स्वीट’ जनुके चालू करतात, म्हणूनच भाताच्या एकाच वाणात अशा तीन जनुकांच्या अक्षरमाला एकदम बदलाव्या लागल्या.