त्रिनिदादच्या नाक्यावरचं चायनीज आलं कुठून?

पोर्ट ऑफ स्पेन घ्या, सान फर्नांडो घ्या की भारतीय वंशाच्या लोकांनी गजबजलेलं चग्वानस घ्या, त्रिनिदादमध्ये नाक्यावर एखादं चायनीज असतंच. बसायला जागा बेताची, अनेक ठिकाणी गल्ल्यापुढे लोखंडी जाळी आणि भिंतीवर पदार्थांची लांबलचक यादी. ती यादी फारसं कुणी वाचत नाही. बहुतेकांची ऑर्डर ठरलेली असते: फ्राइड राइस आणि चिकन. सोया सॉस, आलं, लसूण आणि पाच मसाल्यांची चिनी पूड लावून मुरवलेली कोंबडी खरपूस तळतात, मग लाकडी ठोकळ्यावर ठेवून जाड सुऱ्याने हाडांसकट खटाखट तुकडे करतात आणि ते डब्यातल्या काळपट भातावर रचतात. वरून ऑयस्टर सॉसची धार. मग प्रश्न येतो, पेपर घालू का? इथे पेपर म्हणजे मिरपूड नव्हे, तर तिथल्या जहाल मिरचीचा झणझणीत सॉस. नवख्याने तो वेगळा बांधून मागावा.

असं ताट चीनमध्ये मिळत नाही, म्हणून याला नकली चायनीज म्हणून नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. कारण या स्वस्त डब्यामागचा इतिहास दोनशे वर्षांहून जुना आहे.

१७९७ साली ब्रिटिशांनी हे बेट स्पेनकडून घेतलं. गुलामांचा व्यापार आज ना उद्या बंद होणार हे दिसू लागलं, तसा मळ्यांसाठी मजूर आणायचे कुठून, हा प्रश्न पडला. त्यावरचा तोडगा म्हणून ऑक्टोबर १८०६ मध्ये ‘फॉर्टिट्यूड’ हे जहाज १९२ चिनी माणसं घेऊन त्रिनिदादला पोहोचलं. ही माणसं मकाव, पिनांग आणि आपल्या कोलकात्यातून जमवलेली होती. प्रयोग साफ फसला. आलेल्यांपैकी बरेचजण पुढच्याच वर्षी परतीच्या जहाजात बसले आणि काही वर्षांत बेटावर मोजकेच चिनी उरले.

खरी सुरुवात गुलामगिरी संपल्यानंतरची. १८४५ साली ‘फातेल रझाक’ जहाजातून पहिले भारतीय गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर आले, आणि १८५३ पासून चिनी मजूरही करारावर येऊ लागले. मात्र १८६६ मध्ये चीनने अट घातली की करार संपल्यावर मजुराला परतीचा प्रवास फुकट मिळाला पाहिजे. वसाहतवाल्यांना तो खर्च नको होता, त्यांना भारतातून हवे तेवढे मजूर मिळत होते. चिनी भरती थांबली. म्हणून १९१७ पर्यंत त्रिनिदादला भारतीय आले सुमारे १ लाख ४३ हजार, तर करारावरचे चिनी जेमतेम अडीच हजार. त्याच काळात स्पॅनिश क्युबात १८४७ ते १८७४ दरम्यान सव्वा लाखाच्या आसपास चिनी मजूर नेले गेले, तेव्हा हवानाचं चिनी खाणं वेगळ्या वाटेने घडलं. तो विषय स्वतंत्र लेखाचा.

एवढ्या थोड्या माणसांची छाप बेटावर पडली ती दुकानांमुळे. करार संपला की चिनी मजूर मळ्यात रेंगाळत नसे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांचे भाऊबंद स्वखर्चाने येऊ लागले, बहुतेक ग्वांगडाँग प्रांतातले, त्यांत हक्का या चिनी समाजाचे बरेच (आपल्या हक्का नूडल्समधले हक्का ते हेच). गावोगाव त्यांची किराण्याची दुकानं निघाली. तांदूळ, पीठ, खारवलेला मासा, तेल. सगळं सुट्टं आणि थोडं थोडं मिळायचं आणि मुख्य म्हणजे वहीवर उधार मिळायचं. पगार पंधरवड्याने होणाऱ्या मजुराला असंच दुकान लागतं. दुकानाशेजारीच दारूचा गुत्ता, आत बिऱ्हाड. सुरुवातीला चिनी बायका फार थोड्या आल्या होत्या, त्यामुळे अनेक घरांत बाई तिथलीच, आफ्रिकी किंवा मिश्र वंशाची. चुलीवर दोन परंपरांचं मीठ एकत्र पडलं ते तेव्हा, हॉटेलं निघण्याच्या कितीतरी आधी.

याच दुकानांभोवती ‘वे वे’ नावाचा आकड्यांचा जुगारही पसरला. ३६ आकडे, प्रत्येकाला एक चिन्ह: एक म्हणजे गोम, दोन म्हणजे म्हातारी, आणि रात्री पडलेल्या स्वप्नावरून आकडा लावायचा. आपल्याकडचा मटका जाणणाऱ्याला समजवावं लागणार नाही. बरीच वर्षं पोलिस मागे लागल्यावर १९९४ साली सरकारी लॉटरीनेच तो ‘प्ले वे’ म्हणून सुरू केला.

दुकानदारांची मुलं शिकली, डॉक्टर-वकील झाली. हक्का कुटुंबातले सॉलोमन होचॉय १९६० मध्ये गव्हर्नर आणि १९६२ च्या स्वातंत्र्यानंतर पहिले गव्हर्नर जनरल झाले. १९७० च्या ब्लॅक पॉवर, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीच्या आंदोलनानंतर अनेक सुस्थित कुटुंबांनी कॅनडा-अमेरिकेची वाट धरली. सुपरमार्केटं आल्यावर वहीवरच्या उधारीचं दुकानही मागे पडत गेलं.

मग आज गल्ल्यामागे उभा असतो तो कोण? बहुतेक वेळा त्या जुन्या मजुरांचा पणतू नव्हे. चीनने १९७८ नंतर दारं किलकिली केली, तेव्हापासून नवे लोक येत गेले, आणि २००० नंतर तर ओघ वाढला. त्याच सुमारास चिनी कंपन्या त्रिनिदादमध्ये मोठी सरकारी बांधकामंही करत होत्या. पोर्ट ऑफ स्पेनचं २००९ साली उघडलेलं राष्ट्रीय कलामंदिर शांघायच्या कंपनीने बांधलं. म्हणजे गंमत अशी की इथे पदार्थ आधी आले, स्वयंपाकी नंतर. नव्याने आलेल्या माणसाला हा भात, ही कोंबडी आणि हा पेपर सॉस इथे येऊन शिकावा लागतो, कारण गिऱ्हाईक दुसरं काही मागत नाही.

कोंबडीच का, याचं उत्तरही गिऱ्हाइकातच आहे असं मला वाटतं. २०११ च्या जनगणनेत हिंदू सुमारे १८ टक्के, मुस्लिम ५ टक्के. एकाला गोमांस चालत नाही, दुसऱ्याला डुक्कर. कोंबडी सगळ्यांना चालते आणि स्वस्तही पडते. उलट भारतीय आणि आफ्रिकी घरांतही चाऊमीन सर्रास होतं, त्यात पाकचॉय ही चिनी पालेभाजी आणि आपल्या चवळीच्या लांब शेंगांसारखी ‘बोडी’ चिरून घालतात.

जुन्या हक्का घरांची खरी खासियत मात्र डॅशीन पोर्क: चरबीदार डुकराच्या मांसाचे काप आणि डॅशीनचे, म्हणजे अळूच्याच जातीच्या कंदाचे काप आलटून पालटून रचून, मंद वाफेवर शिजवलेले. हक्कांच्या मूळ मुलखातही मांसासोबत अळूचा कंद घालतात आणि तो बेटावर आयता मिळाला. वेळखाऊ प्रकार आहे, त्यामुळे पाच मिनिटांत डबा भरून देणाऱ्या नाक्यावरच्या गल्ल्यात तो सहसा नसतो. खायचाच असेल तर जरा मोठं, जुन्या कुटुंबाचं हॉटेल गाठावं किंवा चिनी नववर्षाला कुणाच्या घरचं आमंत्रण मिळतंय का ते पाहावं.