खेळाच्या आडून : पीसी गेमिंग आणि ऑनलाइन सुरक्षेची पार्श्वभूमी

गेमचं अकाउंट चोरीला गेलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच : ‘कशावर क्लिक केलंस?’ हा प्रश्न मला नेहमीच अन्यायाचा वाटतो. मागचा इतिहास पाहिला तर खेळाडूंना फसवणारी वस्तू बहुतेक वेळा ओळखीच्या हातून आलेली दिसते. कधी वर्गमित्राची फ्लॉपी, कधी नेहमीच्या लेखकाचा मॉड (चाहत्यांनी गेममध्ये घातलेली भर), कधी टीममधल्या दोस्ताचा मेसेज.

कॉम्प्युटर घराघरांत पोहोचण्याआधीच याची चुणूक दिसली होती. जॉन वॉकर या अमेरिकन प्रोग्रामरने युनिव्हॅक या अवाढव्य कॉम्प्युटरांसाठी ‘अ‍ॅनिमल’ हा खेळ लिहिला होता. तुम्ही मनात एक प्राणी धरायचा आणि यंत्राने प्रश्न विचारत तो ओळखायचा. प्रतींसाठी इतकी मागणी येऊ लागली की १९७५ मध्ये त्याने खेळाला ‘परव्हेड’ नावाचा भाग जोडला. खेळ चालू असताना हा भाग, वापरणाऱ्याला परवानगी असलेल्या प्रत्येक डिरेक्टरीत गुपचूप एक प्रत टाकून ठेवायचा. काही बिघडू नये याची वॉकरने पुरेपूर काळजी घेतली होती. तरी खेळाच्या आडून वेगळंच काही चालवता येतं, हे दिसून गेलं.

पुढचा टप्पा एका शाळकरी मुलाचा. १५ वर्षांचा रिच स्क्रेंटा मित्रांना अ‍ॅपल टू या कॉम्प्युटरवरच्या गेमच्या फ्लॉप्या द्यायचा आणि त्यांत खोड्या करून ठेवायचा. काही दिवसांनी मित्रांनी त्याच्याकडून फ्लॉपी घेणंच बंद केलं. मग १९८२ मध्ये त्याने ‘एल्क क्लोनर’ हा व्हायरस लिहिला. तो मशीनच्या मेमरीत दबा धरून बसायचा आणि नंतर जी फ्लॉपी आत जाईल तिच्यावर उतरायचा. आता स्क्रेंटाच्या हातून काही घ्यायची गरज नव्हती. ज्याच्यावर भरवसा आहे अशा दुसऱ्याच मित्राकडून तो यायचा. संसर्ग झालेल्या फ्लॉपीवरून पन्नासाव्यांदा मशीन सुरू केलं की पडद्यावर एक छोटी कविता झळकायची. एवढंच. पण मित्रावरच्या विश्वासाचा असा वापर पुढे सगळ्यांनीच केला.

बरं, गेमची प्रत वाटणं म्हणजे काही दर वेळी चोरी नव्हती. १९९३ मध्ये ‘डूम’चा पहिला भाग त्याच्या निर्मात्यांनीच फुकट सोडला आणि पुढे वाटायला सांगितलं. घ्या, खेळा, द्या, ही त्या काळातली रीतच होती. त्याच रीतीवर स्वार होऊन १९९८ मध्ये ‘सीआयएच’ व्हायरस पसरला. २६ एप्रिल १९९९ रोजी त्याने असंख्य मशिनांच्या हार्ड डिस्कवरचा मजकूर पुसला. काही मशिनांची तर बायोसच, म्हणजे मशीन सुरू करणारा चिपमधला प्रोग्रामच, खराब केली. ती चिप बदलल्याशिवाय पीसी सुरूच होईना.

तोपर्यंत खेळाडूकडे चोरण्यासारखं फारसं काही नव्हतं. ऑनलाइन जगांनी ते चित्र पालटलं. २००४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ऑनलाइन खेळ आला. त्यातलं सोनं बाहेर खऱ्या पैशाला विकलं जाऊ लागलं आणि पासवर्ड टिपून घेणारे कीलॉगर खेळाडूंच्या मागे लागले. २००८ मध्ये त्याच्या निर्मात्या ब्लिझर्ड कंपनीने किल्लीला अडकवता येईल असं छोटं यंत्र विकायला काढलं. बटण दाबलं की नवा कोड, आणि तो टाकल्याशिवाय लॉगिन नाही. आज बँकेचा ओटीपी अंगवळणी पडलेल्यांना हे विशेष वाटणार नाही, पण अनेक खेळाडूंची दुहेरी कुलपाशी पहिली ओळख गेमनेच करून दिली.

याच कंपनीने २०१० मध्ये आपल्या चर्चा-मंचांवर खेळाडूंची खरी नावं दाखवायचं जाहीर केलं. हेतू शिवीगाळ रोखण्याचा होता. खेळाडू, त्यातही स्त्रिया, खवळून उठल्या आणि काही दिवसांतच बेत मागे घेतला गेला. टोपणनाव हे लपण्यासाठी नसून अंगावरचं चिलखत आहे, हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच कुणी मांडलं असेल.

डिसेंबर २०१५ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने एक आकडा उघड केला : तिच्या स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात दर महिन्याला सुमारे ७७,००० अकाउंट लुबाडली जात होती. खेळातल्या वस्तूंची देवाणघेवाण सुरू झाल्यापासून चोऱ्या वाढत गेल्या होत्या. फसलेल्यांत व्यावसायिक खेळाडू आणि मुरलेले व्यापारीही होते, असं कंपनीने स्वतःच लिहिलं. ‘कशावर क्लिक केलंस?’ विचारणाऱ्यांनी हे वाक्य जरूर वाचावं.

कधी तर क्लिकसुद्धा लागत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ‘माइनक्राफ्ट’च्या जावा आवृत्तीत चॅटमध्ये एक विशिष्ट ओळ टाकली की सर्व्हरचा ताबा घेता येत होता. चॅटची नोंद ठेवणाऱ्या ‘लॉग४जे’ या घटकाला ती ओळ हुकूम वाटायची. तोच घटक जगभरातल्या असंख्य यंत्रणांत होता, त्यामुळे एका खेळात दिसलेलं भगदाड साऱ्या उद्योगाची झोप उडवून गेलं. जून २०२३ मध्ये याच खेळाच्या मॉडमध्ये पासवर्ड चोरणारा कोड सापडला, तोही नावाजलेल्या साइटवर, चोरलेल्या अकाउंटमधून चढवलेला.

सध्या चालणारी फसवणूकही त्याच घराण्यातली. यादीतल्या मित्राचा मेसेज येतो, ‘आमच्या टीमला एक मत दे ना.’ मित्राचं अकाउंट आधीच गेलेलं असतं. लिंक उघडली की स्टीमच्या लॉगिनची छोटी खिडकी येते. पत्ता बरोबर, कुलपाचं चिन्हही जागेवर. अशा वेळी पासवर्ड टाकण्याआधी ती खिडकी माउसने धरून ब्राउझरच्या कडेबाहेर ओढून पाहा. खोटी असेल तर ती कडेपाशीच अडते, कारण ती खिडकी नसतेच. पत्त्यासकट, कुलपासकट पानावर रंगवलेलं चित्र असतं.