व्हिसलिंग हंस (ब्रिटनमधील नोंदी)

टुंड्रा हंसाची (सिग्नस कोलंबियानस) उत्तर अमेरिकी उपजाती. अलास्का आणि कॅनडाच्या आर्क्टिक किनाऱ्यावर वीण होते. हिवाळा कॅलिफोर्निया, चेसापीक उपसागर व नॉर्थ कॅरोलिना या भागांत जातो. ब्रिटनमध्ये ती क्वचितच, वाट चुकून पोहोचते आणि बहुधा रशियन आर्क्टिकमधून येणाऱ्या बेविक हंसांच्या (टुंड्रा हंसाचीच युरेशियन उपजाती) थव्यात सापडते. ती थेट अटलांटिक ओलांडून येत असेल, किंवा पूर्व सायबेरियात बेविक हंसांत मिसळून त्यांच्याबरोबर पश्चिमेला सरकत असेल. रशियाच्या ईशान्य टोकाला, चुकोत्कात, दोन्ही उपजातींची वीण होते, त्यामुळे दुसरी शक्यताही हलकी नाही.

ओळख जवळजवळ पूर्णपणे चोचीवर ठरते. व्हिसलिंग हंसाची चोच काळी असते. डोळ्यापुढे अश्रूच्या थेंबाएवढा पिवळा ठिपका असतो, कधी तोही नसतो. १९८० साली इव्हान्स व स्लेडन यांनी केलेल्या मोजमापांत पिवळा भाग चोचीच्या सुमारे १६ टक्क्यांपर्यंतच आढळला; बेविक हंसात तो सुमारे २४ टक्क्यांपासून पुढे होता. मधल्या पट्टीत पडणारा पक्षी संकरित असू शकतो आणि अशी नोंद सोडून देणेच बरे. आकाराने व्हिसलिंग हंस थोडा मोठा, पण शेजारी बेविक उभा नसेल तर या फरकाचा उपयोग नाही.

फसगत बहुतेक वेळा गडद चोचीच्या बेविक हंसामुळे होते. इंग्लंडमधील स्लिमब्रिज या पाणपक्षी केंद्रात निसर्गतज्ज्ञ पीटर स्कॉट यांनी १९६४ पासून चोचीच्या नक्षीवरून एकेक बेविक हंस ओळखायला सुरुवात केली. तिथल्या वर्गवारीत चोचीच्या माथ्यावर मुळापर्यंत सलग काळे असलेल्यांना ‘डार्की’ म्हणतात. समोरून किंवा वरून पाहिल्यास अशा पक्ष्याचा पिवळा भाग दिसतच नाही. शेतात बीट-बटाटे उकरणाऱ्या हंसाची चोच चिखलाने माखलेली असते, तेव्हा तर साधा बेविकही काळ्या चोचीचा वाटतो. म्हणून पक्षी संध्याकाळी पाण्यावर उतरल्यावर पुन्हा पाहावा आणि चोचीच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. पहिल्या हिवाळ्यातल्या करड्या पिल्लांवरून निर्णय घेऊ नये.

उत्तर अमेरिकेतलाच ट्रंपेटर हंसही काळ्या चोचीचा असतो, मात्र तो बराच मोठा आणि लांबट, सरळ चोचीचा. शेवटी, पक्षी पाळलेल्यांतून सुटलेला तर नाही, हे तपासावे लागते: पायात कडी, छाटलेले पंख, माणसाला न बिचकणे. रानटी बेविक थव्याबरोबर आलेल्या आणि त्याच्याबरोबरच परतलेल्या हंसाची बाजू यात सर्वांत भक्कम ठरते.