सहलीतला कोणता क्षण आठवणीत उरतो?

सोलापूरहून खोपोलीजवळच्या इमॅजिका या थीम पार्कला जाणारे कुटुंब पुण्यामार्गे सुमारे सव्वातीनशे किलोमीटरचा प्रवास करते. तिथे पोहोचल्यावर दिवसाचा मोठा भाग रांगेत, उन्हात आणि खाण्यापिण्याच्या सोयी पाहण्यात जातो. प्रत्यक्ष राइडमध्ये बसण्याचा वेळ त्या मानाने फारच थोडा असतो. तरीही काही महिन्यांनी मुलांना विचारले, तर बहुतेक वेळा ती एखादाच प्रसंग रंगवून सांगतात, आणि त्या प्रसंगात पुष्कळदा तिथला एखादा कर्मचारी असतो. मेंदू दिवसभरातून नेमके तेवढेच का निवडतो, याविषयी मानसशास्त्र आणि मेंदूविज्ञान आज बरेच काही सांगू शकते.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. सहभागी व्यक्तींनी एकदा १४ अंश सेल्सियसच्या गार पाण्यात ६० सेकंद हात बुडवून ठेवला. दुसऱ्या वेळी तेवढाच वेळ तसाच हात ठेवून आणखी ३० सेकंद तो पाण्यातच ठेवायचा होता, मात्र त्या वाढीव वेळात पाण्याचे तापमान हळूहळू १५ अंशांपर्यंत नेले गेले. यांपैकी कोणता अनुभव पुन्हा घ्याल, असे विचारल्यावर ६९ टक्के लोकांनी दुसरा, म्हणजे एकूण त्रास अधिक असलेला अनुभव निवडला. अनुभव किती वेळ चालला याला स्मृतीत फारसे महत्त्व उरत नाही. त्यातील सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट यांवरून आपण त्याचे मोल ठरवतो, असा निष्कर्ष त्यातून पुढे आला.

हा नियम सहलीला जसाच्या तसा लावणे मात्र मला घाईचे वाटते. सायमन केम्प आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुट्टीवर गेलेल्यांकडून त्यांच्या आनंदाच्या नोंदी घेतल्या, आणि नंतर त्या सुट्टीची आठवण तपासली. तिथे सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट यांवरून आठवणीचा फारसा चांगला अंदाज बांधता आला नाही. सर्वांत लक्षात राहिलेला किंवा सर्वांत वेगळा ठरलेला दिवस त्याहून उपयोगी ठरला. म्हणजे लांबलचक अनुभवात वेगळेपणाचे वजन अधिक असते, आणि हे वेगळेपण यंत्रापेक्षा माणूस अधिक सहज निर्माण करू शकतो. राइड प्रत्येकासाठी सारखीच फिरते, पण हातातले आइस्क्रीम खाली पडून रडणाऱ्या मुलीला विक्रेत्याने न मागता दुसरे दिले, तर ते फक्त तिच्यासाठी घडलेले असते.

इथे ‘न मागता’ हे महत्त्वाचे आहे. मेंदूवैज्ञानिक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांतून असे दिसले, की डोपामिन हे रसायन वापरणाऱ्या चेतापेशी अनपेक्षित बक्षिसाला जोरदार प्रतिसाद देतात. तेच बक्षीस आधीच्या संकेतावरून कळू लागले, की तो प्रतिसाद संकेताकडे सरकतो आणि प्रत्यक्ष बक्षीस मिळताना पेशी जवळजवळ शांत राहतात. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतील हा फरक शिकण्याला आणि स्मरणाला चालना देतो. म्हणूनच तिकिटाच्या दरात धरलेली भेटवस्तू मुले लवकर विसरू शकतात, आणि अचानक मिळालेली एक जादा फेरी त्यांच्या लक्षात राहते.

सोलापूरकरांना अशी न मागता मिळणारी भेट चांगलीच परिचयाची आहे. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेनिमित्त होम मैदानावर गड्डा नावाची जत्रा भरते आणि आकाशपाळणे उभे राहतात. खालच्या पाळण्यात माणसे चढ-उतार करत असताना वरचा पाळणा थांबलेलाच असतो, हा यंत्राचा साधा नियम आहे. जाणता पाळणेवाला मात्र त्या नियमातून एक क्षण घडवतो: घाबरलेल्या मुलाला आईवडिलांच्या मधोमध बसवतो, कडी लागली आहे ना हे हाताने ओढून पाहतो, ‘घट्ट धर रे बाळा, वर गेलास की तळं दिसतंय बघ’ असे सांगतो आणि तो पाळणा वर पोहोचला की जरा जास्त वेळ थांबवतो. भीती आणि तिच्यामागून आलेला दिलासा, दोन्ही त्या मुलाच्या वाट्याला येतात. अशा उत्कट प्रसंगी मेंदूतील अमिग्डाला हा भाग आठवणी साठवण्यास मदत करणाऱ्या हिप्पोकॅम्पस या दुसऱ्या भागातील स्मृतीची नोंद अधिक पक्की करण्यास मदत करतो.

१९५५ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या डिस्नीलँडने हेच कौशल्य प्रशिक्षणाचा विषय केले. मुलाशी बोलताना त्याच्या उंचीपर्यंत खाली वाकावे, दिशा दाखवताना एक बोट रोखू नये, वाढदिवसाचा बिल्ला लावलेल्या पाहुण्याला नावाने शुभेच्छा द्याव्यात, अशा बारीकसारीक गोष्टी तिथे पाळल्या जातात. मात्र त्यांच्या प्राधान्यक्रमात सुरक्षितता सौजन्याच्याही आधी येते, आणि ते योग्यच आहे. उंचीच्या पट्टीखाली भरणाऱ्या मुलाला राइडमध्ये बसू देणे ही प्रेमळ कृती ठरत नाही. त्याला नकार कसा दिला जातो, यात खरे कसब आहे.

या कामाची किंमत कर्मचारी मोजत असतो, आणि ती पाहुण्यांच्या ध्यानात फारशी येत नाही. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉशचाइल्ड यांनी १९८३ साली विमानातील सेविकांच्या अभ्यासातून अशा कामाला ‘भावनिक श्रम’ म्हटले. आत वैताग असताना चेहऱ्यावर हसू चढवणे आणि समोरच्याच्या जागी स्वतःला कल्पून मनापासून आपुलकी आणणे, असे त्याचे दोन प्रकार त्यांनी दाखवले. पुढील अनेक अभ्यासांत पहिल्या प्रकाराचा संबंध भावनिक थकव्याशी आढळला, तर दुसऱ्याचा तितका आढळला नाही. शिवाय आपल्या कामावर आपला ताबा आहे असे ज्यांना वाटते, त्यांना हा ताण कमी जाणवतो, असेही दिसले आहे. गड्ड्यातल्या पाळणेवाल्याला जादा फेरी द्यायची की नाही, हे बऱ्याचदा स्वतःच ठरवता येते. मोठ्या पार्कमधील कर्मचाऱ्याला मात्र पडलेल्या आइस्क्रीमच्या बदल्यात दुसरे देण्यासाठी व्यवस्थापकाची परवानगी घ्यावी लागत असेल, तर ती येईपर्यंत ते कुटुंब पुढच्या रांगेत जाऊन उभे राहिलेले असते.