सायलेन्सरमधून पाणी ठिबकते तेव्हा

डिसेंबर-जानेवारीत नागपूरचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरला की गॅरेजमध्ये एक शंका हमखास ऐकू येते: सकाळी गाडी सुरू केल्यावर सायलेन्सरमधून पाणी ठिबकते, म्हणजे इंजिनात पाणी शिरले काय? वास्तविक पेट्रोलमधील हायड्रोजन जळून पाणीच तयार होते, आणि तेही थोडेथोडके नव्हे, तर एका लिटरमागे जवळपास लिटरभर. एरवी ते वाफ होऊन निघून जाते. थंड नळीत त्याचे थेंब होतात. नळी तापल्यावरही दाट पांढरा धूर सुरूच राहिला आणि इंजिन थंड ठेवणारे कूलंट घटत असेल, तर मात्र हेड गॅस्केट (इंजिनाच्या ब्लॉक आणि हेडमधले सील) तपासून घ्यावे.

थंडीची खरी अडचण होते ती धुरातील विषारी वायू निरुपद्रवी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या बारीक छिद्रांच्या सिरॅमिकवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा लेप असलेला हा डबा साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापमानाला पोहोचेपर्यंत नीट काम करीत नाही. त्याच्याकडे कामेही परस्परविरोधी आहेत. कार्बन मोनॉक्साइडला आणि अर्धवट जळालेल्या इंधनाला ऑक्सिजन द्यायचा, तर नायट्रोजनच्या ऑक्साइडांकडून तो काढून घ्यायचा. एका भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा मिळाली तरच दोन्ही साधते. पण इंजिनाचा संगणक हे प्रमाण या आकड्याभोवती सतत किंचित वर-खाली करीत असतो. ही उणीव भरून काढतो लेपातील सिरियम ऑक्साइड. हवा जास्त झाली की सिरियम ऑक्सिजन साठवून घेतो, कमी पडली की सोडतो. म्हणजे त्याचे अणू चार आणि तीन या संयुजांमध्ये ये-जा करीत राहतात. धातूच्या त्या डब्यात चाललेला हा श्वासोच्छ्वास मला इंजिनापेक्षाही विलक्षण वाटतो. इंधनाच्या नळीला चुंबक बांधून मायलेज वाढवू पाहणाऱ्यांनी तो एकदा समजून घ्यावा. त्या चुंबकाचा उपयोग बंपरखालच्या लिंबू-मिरचीइतकाच आहे.

धरमपेठेतून जवळच्या सीताबर्डीपर्यंत जाऊन गाडी बंद केली, तर सायलेन्सर पुरेसा तापत नाही, पाणी आतच साचते आणि पत्रा आतून गंजतो. म्हणून आठवड्यातून एकदा तरी गाडी वर्धा रोडने अर्धा तास सलग चालवावी. अनेक सायलेन्सरच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. ते गळती समजून वेल्डिंगने बुजवू नये. मात्र धुरातील ऑक्सिजन मोजून संगणकाला कळवणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधीच्या जोडाला भेग असेल तर ती तातडीने बुजवावी, कारण तेथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला इंधन कमी पडल्याचा भास होतो आणि संगणक विनाकारण जास्त पेट्रोल सोडू लागतो.